हीटर ठीक, काका

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. दुकानाच्या दादांना माहीत नाही. आईला फोनवर सांगावं असं वाटलं होतं एकदा, पण तिला आधी ॲक्वेरियमचा कंट्रोलर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं असतं, आणि तेवढ्या वेळात माझी हिंमत गेली असती — गेलीच. तेव्हा ऐकणारे तुम्हीच पहिले. तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच जमतंय.

कुठून सुरू करू? माशांपासून करते. ते सोपं आहे.

मी भंडाऱ्याकडची. आमचं घर ढिवरांचं, तळ्यातले मासे धरून बाजारात विकणारं. नववीत शाळा सुटली, मग लग्न, मग नवऱ्याला सातपूरच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम मिळालं आणि आम्ही नाशिकला आलो. तोवर मासा म्हणजे जाळं, टोपलं आणि रस्सा, एवढंच मला ठाऊक. मासा विकत आणायचा, काचेत ठेवायचा आणि वर त्यालाच खायला घालायचं — हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्या दुकानाच्या काचेपाशी उभी राहून हसत होते. दादा, म्हणजे दुकानाचे मालक, बाहेर आले. मला वाटलं हाकलतात. म्हणाले, "नुसती हसतेस काय, टाक्या घासशील का?"

तेव्हापासून तिथेच आहे. आधी फरशी पुसायचे, मग टाक्या घासायचे, मग गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन पाणी बदलायचे. ज्या गावात आपलं कुणी नाही तिथे एका माणसाने आपल्या हातात दुसऱ्यांच्या घराची कामं द्यावीत, हे मला अजून खरं वाटत नाही. आणि खरं वाटत नाही म्हणूनच भीती. दादांचा फोन वाजला की अजूनही आधी मनात येतं — झालं, काहीतरी चुकलं, आता घरी बसा. हे कारण म्हणून सांगत नाहीये. मी कशी आहे ते तुम्हाला माहीत असावं, एवढंच.

देवळाली कॅम्पातले काका हे आमचं सगळ्यात नाजूक गिऱ्हाईक. काका नाजूक नव्हेत, त्यांची टाकी. खाऱ्या पाण्याची, भिंतभर लांब, आत जिवंत पोवळी. काका तोफखान्यातून निवृत्त झालेले. तोफांच्या आवाजाने कान अधू झालेले, त्यामुळे ते सगळ्यांशी मैदानावर बोलल्यासारखं बोलत. काकू गेल्यावर घरात ते एकटे, आणि ती टाकी. त्यात एक पिवळाधमक मासा होता. काकूंनी त्याचं नाव हळद्या ठेवलं होतं. तो काकांच्या बोटांतून शेवाळाचा तुकडा ओढून घ्यायचा.

माझ्या बोलण्यात 'काहून' यायचं — आमच्याकडे 'का' ला 'काहून' म्हणतात. दुकानातली पोरं त्यावरून हसायची. काकांनी माझं नावच तसं ठेवलं. फाटक उघडतानाच गर्जायचे, "या काहूनबाई, आज उशीर काहून?" चिडवायचे, पण त्यात टोचायचं काही नसायचं. मोबाईलवरची इंग्रजी अक्षरं त्यांनीच माझ्याकडून वाचून घेतली. मी अडले की म्हणायचे, "शाळा सुटली असेल, डोकं सुटलेलं नाही तुझं." असं मला कुणी म्हटलं नव्हतं कधी.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. काम संपलं की काका चेक घ्यायचे. तोफेवर म्हणे असंच — एकाने मोठ्याने विचारायचं, आणि ज्याच्याकडे ती वस्तू, त्याने हात लावून मोठ्याने उत्तर द्यायचं. ते खुर्चीत बसून विचारायचे, "पंप?" मी वाकून पंपाला हात लावायचे, "पंप ठीक." "दिवे?" "दिवे ठीक." "हीटर?" "हीटर ठीक, काका." पहिल्या वेळी मी लांबूनच ठीक म्हणाले होते, तर त्यांनी मला परत पाठवलं. "हात लावल्याशिवाय ठीक म्हणायचं नाही. ते ठीक नव्हे, ते नुसतं तोंड."

बघा, किती सरळ नियम होता.

त्या हिवाळ्यात काकांना थोडं विसरायला व्हायला लागलं. स्कूटर कॅम्पच्या बाजारात राहिली आणि ते चालत घरी आले. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, तो तसाच राहिला, शेजारच्यांना वास आला म्हणून बरं. पुण्याहून अनघाताई आल्या — काकांची एकुलती मुलगी. त्यांनी वडिलांना पुण्याला न्यायचं ठरवत आणलं होतं. काकांना ते नको होतं. त्या आल्या त्या दिवशी काका माझ्याशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. म्हणाले, "ही माझी परीक्षा घ्यायला आलीये गं. टाकी चोख दिसली पाहिजे. जो माणूस ही टाकी सांभाळतो तो स्वतःला सांभाळू शकतो — एवढं तिला दिसलं की झालं."

म्हणजे मला माहीत होतं. पणाला काय लागलंय ते मला पूर्ण माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

टाकीखालच्या कपाटात कंट्रोलर असतो. छोटा डबा, त्याला सॉकेटची एक पट्टी. पंप, दिवे, हीटर, सगळ्यांचे प्लग त्या पट्टीत. पाणी गार झालं की कंट्रोलर हीटर चालू करतो, गरम झालं की बंद करतो. त्या हीटरला स्वतःची अक्कल नसते, थांबायचं कधी ते कंट्रोलर सांगतो. म्हणून दुकानाचा कडक नियम — हीटर कधीही थेट भिंतीत लावायचा नाही. माझ्या आधीच्या माणसाने एकदा लावला होता. तो आता दुकानात नाही.

त्या कंट्रोलरचं नवीन अपडेट आलं होतं. ते टाकलं की टाकी दुसऱ्या फोनवरूनही बघता येणार होती. काकांचा बेत असा की अनघाताईंच्या फोनवर टाकी दिसू द्यायची, मग पुण्यात बसून बघ म्हणावं, बाप ठीक आहे. ताई मैत्रिणीकडे गेल्या होत्या. त्या परत यायच्या आत अपडेट करायचं म्हणून काकांनी मला दुपारीच बोलावून घेतलं.

सुरू केलं. मोबाईलवर निळी रेघ सरकायला लागली, अर्ध्याच्या थोडी पुढे गेली आणि थांबली. हललीच नाही. काकांनी खाली आलेली सूचना मोठ्याने वाचली — अपडेट पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नका. आम्ही फोन वायफायच्या डब्याजवळ नेऊन ठेवला. वायफाय बंद करून चालू केलं. ॲप बंद करून उघडलं. रेघ तिथेच. दादांना फोन केला, तर ते म्हणाले, "हात लावू नको. कधीकधी वेळ खातं ते. थांब जरा, मी कंपनीला विचारून सांगतो."

थांबलो. पण कंट्रोलर अडकला की पट्टीही जशी असेल तशी गोठते. अडकला तेव्हा हीटर बंद होता, तो बंदच राहिला. आणि बाहेर ती नाशिकची थंडी. संध्याकाळ झाली तसा टाकीतल्या थर्मामीटरचा आकडा उतरायला लागला. हळद्या एका कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. काका देवापुढे दिवा लावायला आत गेले. मी एकटीच होते. मी खाली वाकले, हीटरचा प्लग पट्टीतून काढला आणि कपाटामागच्या भिंतीतल्या सॉकेटात लावला.

थोड्याच वेळासाठी. मी समोरच होते, लक्ष ठेवणार होते. काका आले की सांगणार होते — काका, मी हीटर थेट लावलाय. पण काका बाहेर आले ते दादांचा फोन कानाला लावूनच. कंपनीने उपाय सांगितला होता. डब्यामागचं बारीक बटण दाबून धर, वायर काढ, परत लाव, दिवा लुकलुकला की सोड. मी कपाटात डोकं घालून बटण शोधत होते, काका वरून ओरडून दादांचं म्हणणं सांगत होते, दादा तिकडून आणखी ओरडत होते. दिवा लुकलुकला. रेघ पहिल्यापासून सुरू झाली आणि या वेळी शेवटापर्यंत गेली. काकांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. इतकं खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं, ताई आल्या. काका घाईने खुर्चीत बसले आणि चेक सुरू केला — ताईंना ऐकू जाईल अशा आवाजात, थोडा मिरवतच. पंप ठीक. दिवे ठीक. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या, हसत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते.

"हीटर?"

"हीटर ठीक, काका."

मी वाकले नव्हते. हात लावला नव्हता.

सकाळी दुकानात गेले तर दादा म्हणाले, कॅम्पात जा, टाकी गेली म्हणतात. गेली म्हणजे काय, असं मी विचारलंसुद्धा. आणि बसमध्ये, बिटको चौकाच्या पुढे कुठेतरी, मला तो प्लग दिसला. भिंतीतला. जसा लावला होता तसा. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं नाही का. मी ठरवलं — गेल्या गेल्या सांगायचं. दारातच सांगायचं. अख्खा रस्ता तेच वाक्य मनात म्हणत होते. काका, प्लग मी लावला होता.

मला वाटलं होतं वास येईल, मासे तरंगताना दिसतील. तसं काही दारातून दिसलंच नाही. पाणी नुसतं दुधासारखं झालं होतं. मी हात घातला — आणि काढून घेतला. तुम्ही आंघोळीला पाणी काढता ना, तसं. पोवळी पांढरी पडून त्यांच्यावरून साय सुटत होती. हळद्या दगडाच्या सांदीत आडवा अडकला होता. त्याचा पिवळा रंग गेला होता. इतक्या लवकर रंग जातो? लहानपणापासून मी मेलेले मासे हाताळले, टोपल्याच्या टोपल्या, कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मला तो उचलवेना.

काका पायजम्यात उभे होते. पुन्हा पुन्हा एकच सांगत होते. पहाटे उठून त्यांनी फोन बघितला, आकडा वर गेलेला दिसला, पण हीटर तर बंद दाखवत होता. म्हणून त्यांना वाटलं, नव्या अपडेटने आकडा चुकतोय. हीटर बंद आहे तर पाणी तापेल कशाने? बरोबरच होतं त्यांचं. कंट्रोलरने पट्टीतलं ते सॉकेट बंदच केलं होतं. त्यात काही लावलेलं नव्हतं, इतकंच.

ताईंनी कपाटामागे हात घातला आणि म्हणाल्या, "बाबा, हा प्लग इथे भिंतीत कुणी लावला?"

काकांनी आधी प्लगकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल संशय नव्हता, हे मी शपथेवर सांगते. ते मला विचारत होते. त्यांचं त्यांना आठवत नव्हतं आणि माझ्याकडे उत्तर असेल असं त्यांना वाटत होतं.

"मी लावला का गं?"

वाक्य तयार होतं माझ्याकडे. बसमध्ये पाठ केलेलं. आणि तोंडातून निघालं ते दुसरंच. मी म्हणाले, "मी निघाले तेव्हा पट्टीतच होता काका. आपण चेक घेतला ना? तुम्ही विचारलं, मी ठीक म्हणाले."

इतकं नीट. अडखळले नाही, आवाज कापला नाही. माझंच मला आश्चर्य वाटलं, अजून वाटतं — ही बाई कोण? नुसतं खोटं बोलून थांबले नाही, त्यांच्याच नियमाचा पुरावा केला. कारण मला माहीत होतं, काका स्वतःच्या आठवणीवर एक वेळ शंका घेतील, चेकवर घेणार नाहीत.

तसंच झालं. त्यांनी हळूहळू मान हलवली. "हो. चेक झाला होता. मग मीच रात्री उठून…" ताई म्हणाल्या, "बाबा, असू दे." इतक्या मायेने म्हणाल्या की ते ऐकून मला कळलं, ठरलं. त्या क्षणी पुण्याचं ठरलं. अजूनही वेळ होती. प्लग ताईंच्या हातात होता, सगळे तिथेच होते, मला चार शब्द बोलायचे होते.

काका माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "माफ कर गं पोरी. तुझी एवढी मेहनत, मी घालवली."

माझी माफी मागितली त्यांनी. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "राहू द्या काका, होतं असं."

दुकानात परतले तर दादा म्हणाले, "बरं झालं, तू पट्टीतच ठेवला होतास. नाहीतर आपल्यावर आलं असतं." त्यांनी मला चहा मागवला.

नंतर ताईंनी स्कूटरची किल्ली काढून घेतली, गॅसची शेगडी बंद करून डबा लावला. काका काही म्हणाले नाहीत. भांडणारा माणूस होता तो, भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडायचा. आता कुठलीही गोष्ट सांगितली की ताईंकडे बघायचे, बरोबर सांगतोय ना मी, असं. आधी थोडं विसरत होते, खरं आहे. डॉक्टर म्हणाले असतील ते वयाचं, आजाराचं. पण आपण विसरतो यावर त्यांचा विश्वास नव्हता, तो मी बसवला.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी टाकी काढायला मला बोलावलं. पाणी काढून झालं, दगड पोत्यात भरले. काका खुर्चीत बसून होते. चेक नव्हता, चेक करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी हीटर काढून वायर गुंडाळायला घेतली, तेव्हा ते म्हणाले, थांब जरा. उठून जवळ आले. म्हणाले, "मला दाखव ना, मी कसा लावला असेन."

मला कळलं नाही.

"रोज आठवायचा प्रयत्न करतोय. रात्री झोप लागत नाही. मी उठलो असेन, इथवर आलो असेन, पण पुढचं दिसतच नाही काही. माणसाला आपण केलेलं दिसायला तर हवं ना? तू दाखव. कदाचित बघून आठवेल."

ताई आतल्या खोलीत बॅगा भरत होत्या. आम्ही दोघंच होतो. याहून सोपी जागा मला कुणी दिली असती का? दाखव म्हणत होते ते. मी म्हणायचं होतं, दाखवते काका, आणि दाखवताना म्हणायचं होतं, असा लावला — मी.

मी दाखवलं. डाव्या हाताने कपाट धरलं, गुडघे वाकवले, पट्टीतून काढल्यासारखं केलं, मागे हात नेऊन भिंतीतल्या सॉकेटात प्लग बसवला. "असा लावला असेल काका. थंडी होती ना त्या दिवशी. तुम्हाला वाटलं असेल, मासे गारठतील."

माझा हात जसा गेला होता अगदी तसाच नेला मी. माझं कारणसुद्धा त्यांना देऊन टाकलं.

ते बघत राहिले. मग खाली वाकले — गुडघे दुखायचे त्यांचे, तरी वाकले — डाव्या हाताने कपाट धरलं, आणि उजवा हात मागे नेला. बराच वेळ तसेच होते. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"हो," ते म्हणाले. "आठवलं. आठवलं आता. अंधार होता, फरशी गार लागत होती पायाला. हळद्या त्या कोपऱ्यात उभा होता. मला वाटलं, गारठला बिचारा." त्यांनी आत हाक मारली, त्यांच्या जुन्या मैदानावरच्या आवाजात, "अनघा, आठवलं गं मला." आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

काकांनी माझ्या खांद्याला धरून स्वतःला सरळ केलं. हसत होते. म्हणाले, "बघ, अगदीच सगळं गेलेलं नाही अजून डोक्यातलं."

मी हो म्हणाले.